येडशी फाट्यावरचे मीटरमामा

गाडीच्या डॅशबोर्डवर बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागलेला दिसला, की मला अजूनही आधी राग येतो आणि मग मीटरमामा आठवतात. खरं तर ज्यांनी आपल्याला काही शिकवलं त्यांची आठवण आदरानं यावी, असं आम्हाला शाळेपासून सांगितलं गेलंय. मी प्रयत्न करून पाहिला. कॉलेजच्या अंकासाठी मराठीच्या मॅडमनी एखाद्या शिक्षकाविषयी लिहायला सांगितलं, तेव्हा वर्गातल्या बहुतेकांनी गावच्या गुरुजींवर लिहिलं. मी मामांवर लिहायला तीनदा बसले आणि तिन्ही वेळा राग मध्ये आला. अंक छापून झाला. आता रागासकटच लिहिते.

त्यांचं खरं नाव नागनाथ पांचाळ. येडशीच्या फाट्यावर गाड्यांच्या वायरिंगचं त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली आणि पुढं कडुलिंबाखाली मांडलेलं जुन्या जीपचं मागचं सीट. मामा अंगानं बारीक, डोक्यावर पांढरी टोपी, चष्म्याची एक काडी वायरच्या लाल टेपनं गुंडाळलेली. गळ्यात बुटाच्या नाडीनं बांधलेला व्होल्ट मोजायचा मीटर. जेवतानाही तो मीटर गळ्यातच असायचा म्हणतात, म्हणून मीटरमामा. शेजारचा चहावाला सांगायचा, की मामींनी एकदा डाळीला मीठ कमी पडलं का विचारलं, तर मामा म्हणाले, 'काल किती टाकलं होतंस ते आधी सांग.'

त्यांची पद्धतच तशी होती. गाडी बंद पडून आलेला माणूस घाईत असतो, वैतागलेला असतो. मामा त्याला आधी त्या सीटवर बसवत. मग तीन प्रश्न. कधी बंद पडते? बिघाड सुरू व्हायच्या आधी गाडीत काय काम केलं होतं? कोणी कोणी हात लावला? उत्तरं मिळेपर्यंत ते बॉनेट उघडत नसत. बॉनेट उघडल्यावर मीटरच्या दोन्ही वायरी गिऱ्हाइकाच्या हातात देत. लाल वायर बॅटरीच्या या टोकाला, काळी त्या टोकाला, आता आकडा वाचा. गिऱ्हाइकानं आकडा वाचायचा, त्याचा अर्थ मामांनी सांगायचा, आणि मग गिऱ्हाइकानं तोच अर्थ मामांना परत सांगायचा. जमलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून.

"तुमाला कळल्याबिगर मी पाना लावत न्हाय," असं ते शांतपणे म्हणत. ओरडून म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं.

रस्त्याच्या पलीकडं बबलूचं गॅरेज होतं. बबलू माझ्यापेक्षा चारेक वर्षांनी मोठा असेल. त्याच्याकडं प्रश्न नव्हते. बॅटरी चार्ज होत नाही म्हटलं, की तो अर्ध्या तासात अल्टरनेटर काढून दुसरा बसवून देई. आमच्याकडं खरं तर अल्टरनेटर कोणी म्हणत नाही. जुन्या गाड्यांना डायनॅमो असायचा, म्हणून नव्यालाही सगळे डायनामाच म्हणतात. मामा मात्र दर वेळी थांबवून 'अल्टरनेटर म्हणा' असं सांगायचे, हाही गिऱ्हाईक पलीकडं जाण्याचा एक रस्ता होता.

बबलूनं काढून टाकलेले अल्टरनेटर भंगारवाल्याकडं जात, आणि मामा भंगारवाल्याकडून ते निवडून आणत. उघडत, तपासत, आणि ज्यांच्यात काहीच बिघाड सापडला नाही ते खोलीतल्या वरच्या फळीवर मांडत. प्रत्येकाला सुतळीनं एक चिठ्ठी बांधलेली: कळंबची गाडी, वायर ढिली होती. जळकोटची गाडी, बॅटरी जुनी होती. मी पहिल्यांदा त्या फळीकडं बघत उभी राहिले तेव्हा मामा मागून म्हणाले, "हे समदे निर्दोष हायेत." कोर्टातून आल्यासारखं बोलले. मला हसू आलं, पण ते हसत नव्हते.

त्यांची नवरदेवाची गोष्ट तर सगळ्या फाट्याला पाठ होती. एकदा लग्नाच्या दिवशी नवरदेवाची सजवलेली गाडी बरोबर त्यांच्या दुकानापुढं बंद पडली. मामांनी नवरदेवालाच खाली उतरवलं. डोक्याला फेटा, कपाळाला मुंडावळ्या, आणि दोन्ही हातांत मीटरच्या वायरी. नवरीकडचे फोनवर फोन करत होते, मुहूर्त जवळ येत होता, आणि मामा विचारत होते, आता आकडा का हलला सांगा बरं? शेवटी नवरदेवाच्या मामानं चढ्या आवाजात सांगितलं, की आमचा पोरगा परीक्षेला बसलेला नाही, लग्नाला निघालाय. वऱ्हाडानं गाडी ढकलत पलीकडं नेली. बबलूनं बॅटरीच्या टोकावर जमलेली पांढरी बुरशी खरवडली आणि गाडी सुरू झाली. ती बुरशी मामांना बॉनेट उघडताक्षणी दिसली होती. ते स्वतःच नंतर सांगायचे, आणि वर म्हणायचे, "पोराला दाखवायची होती. दोन मिनटं थांबला असता तर जन्मभर ध्यानात ऱ्हायलं असतं." जन्मभर लक्षात राहावं म्हणून एखाद्याचा मुहूर्त चुकवावा का, हा प्रश्न त्यांना पडत नव्हता.

हे मी ऐकलेलं. पुढचं आमच्यावर आलेलं.

आमचं गाव तेरच्या अलीकडं. वडिलांना, म्हणजे अण्णांना, थोडी शेती आणि एक जुनी आठ सीटांची डिझेल गाडी. सकाळी गावातली माणसं घेऊन ते धाराशिवला जात, आणि तिथून सहा शिक्षिकांना घेऊन तेरला येत. त्या मॅडम धाराशिवला राहायच्या आणि तेरच्या बाजूच्या शाळांत शिकवायच्या. संध्याकाळी पाचला अण्णा त्यांना परत नेत. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. पाऊस पडो न पडो, घरात महिन्याला येणारी तेवढीच एक खात्रीची गोष्ट होती. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, आमच्या घरातली कॉलेजला गेलेली पहिली. सकाळच्या त्याच गाडीत पुढं बसून मी धाराशिवला जायचे. त्यामुळं गाडी सुरू झाली नाही, की एकाच वेळी बऱ्याच गोष्टी बंद पडायच्या.

दिवाळीनंतर गाडी सोमवारी सुरू होईना. प्रत्येक सोमवारी नाही, पण बंद पडायची ती सोमवारीच. किल्ली फिरवली की आतून नुसती टकटक. धाराशिवच्या एका गॅरेजवाल्यानं डायनामा बदलला. दोन आठवडे बरे गेले, मग पुन्हा टकटक. बॅटरी बदलली. पुन्हा टकटक. दुसऱ्या एकानं पुन्हा डायनामा बदलला. दर वेळी अण्णा घरी येऊन म्हणत, आता काळजी नाही, आणि दर वेळी आईनं त्यांच्याकडं पाहिलेलं मला दिसायचं.

त्या सहाजणींत जाधव मॅडम मोठ्या. बोलणं थोडं, पण एकदा बोलल्या की बाकीच्या पाचजणींचंही तेच मत असायचं. एका शुक्रवारी उतरताना त्यांनी अण्णांना बाजूला घेतलं. मी ऐकू येईल एवढ्या अंतरावर होते.

"तुमच्याबद्दल तक्रार नाही, अण्णा," त्या म्हणाल्या. "पण वर्गात पोरं बसलेली असतात आणि आम्ही रस्त्यावर असतो. आणखी एकदा असं झालं तर एक तारखेपासून आम्ही दुसरी गाडी बघू. राग मानू नका."

अण्णांनी राग मानला नाही. त्या रात्री ते जेवले नाहीत, एवढंच.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सकाळची शाळा सुटून मॅडमना घरी सोडल्यावर अण्णा मला घेऊन येडशीला आले. बाकीचे सगळे करून झाले होते, म्हणून मामा. त्यांच्याकडं लोक असेच शेवटी जायचे.

मामांनी बसवलं. पहिला प्रश्न: कधी बंद पडती? सोमवारी. "ज्या रविवारी गाडी भाड्यानं जाती, त्याच्या दुसऱ्या दिवशी?" अण्णांनी आठवून सांगितलं, की त्या सोमवारी सुरू होते. मामांनी मान हलवली. दुसरा प्रश्न: हे सुरू व्हायच्या आधी गाडीत काय काम केलं होतं?

"काहीच न्हाय," अण्णा म्हणाले.

मामांनी पुन्हा विचारलं. नीट आठवून सांगा. एखादा टेप, एखादा हॉर्न? अण्णांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, की गाडीत एक खिळाही ठोकला नाही. मीही मान डोलावली. आम्ही दोघं खरंच बोलत होतो, म्हणजे आम्हाला तसंच वाटत होतं.

मग मीटर. बंद गाडीत साडेबारा, चालू केल्यावर चौदा. मामा म्हणाले, अल्टरनेटर ठणठणीत आहे, आधीचे दोनही ठणठणीतच असणार. मग बिघाड कशात आहे, अण्णांनी विचारलं. तर मामा आत गेले, एक उघडलेला अल्टरनेटर घेऊन आले आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"कालिजात जाती न्हवं? ह्यात वीज कशी होती, सांग."

मला वीजनिर्मितीचा नियम तोंडपाठ होता. मी तो म्हटला. पुस्तकात जसा होता तसाच, एका दमात. मामांनी सगळा ऐकून घेतला आणि म्हणाले, "आता ह्यात बोट लावून दाखव, फिरतं काय आन् थांबतं काय?"

माझं बोट हवेतच राहिलं. मी परीक्षेत ज्याची आकृती काढून पूर्ण गुण मिळवले होते, ती वस्तू माझ्या मांडीवर होती आणि मला ओळखू येत नव्हती. अण्णा माझ्याकडं बघत होते. त्यांना वाटत होतं माझ्या पोरीला हे येतं.

मग मामांनी सांगितलं, आणि सांगितलं मात्र असं की आजही विसरता येत नाही. मधलं फिरतं, बाहेरचं तांब्याच्या तारांचं कडं थांबलेलं. इंजिनचा पट्टा मधल्याला फिरवतो. पण नुसतं फिरून भागत नाही, त्याला आधी बॅटरीनं थोडी वीज द्यावी लागते, दोन कोळशाच्या तुकड्यांतून. तेव्हा ते लोहचुंबक होतं, आणि मग बाहेरच्या तारांत पुष्कळ वीज तयार होते. ती वीज पुढंमागं धावणारी असते. ती एकाच दिशेनं बॅटरीत जावी म्हणून मागच्या पत्र्यावर डायोड बसवलेले असतात, आत येऊ देणारे पण बाहेर जाऊ न देणारे दरवाजे. आणि चौदाच्या फार वर जाऊ नये म्हणून एक राखणदार. बॅटरी गाडी उठवते. उठल्यावर सगळा संसार अल्टरनेटर चालवतो आणि बॅटरीचं गेलेलंही भरून देतो.

हे सगळं झाल्यावर ते अण्णांना म्हणाले, आता तुमी सांगा.

अण्णांना दोन वाक्यं सांगता आली. तिसऱ्याला ते उठले. दोन तास झाले होते. ते म्हणाले, मिस्त्री, मला शाळा शिकायची नाही, सोमवारी गाडी सुरू झाली पाहिजे. मामा म्हणाले, उद्याचा दिवस गाडी इथं ठेवा, सोमवारच्या आत सापडतं. पण रविवारी अण्णांकडं तुळजापूरचं भाडं होतं. ते हातची फेरी सोडायला तयार नव्हते, आणि मामा एका वाक्यात उत्तर द्यायला तयार नव्हते. आम्ही निघालो. फाटा सुटला. अण्णा म्हणाले, "येडं हाय का शहाणं हाय, तेच कळंना."

रविवारी तुळजापूरहून आल्यावर अण्णांनी ते केलं, जे आमच्याकडं गाडी असलेला प्रत्येक माणूस करतो. इंजिन चालू ठेवलं आणि बॅटरीची वायर उपसून काढली. गाडी चालू राहिली तर डायनामा चांगला, बंद पडली तर गेला, अशी ही तपासणी. कोणी कोणाला शिकवली माहीत नाही, सगळ्यांना येते. गाडी चालू राहिली. अण्णांना बरं वाटलं. मलाही.

सोमवारी गाडी गावात पहिल्या किल्लीला सुरू झाली. धुकं होतं, अण्णांनी पुढचे दिवे लावले. थोडं पुढं आल्यावर मी पाहिलं, डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागलेला होता. किल्ली फिरवली की तो क्षणभर लागतो आणि विझतो, हे मला माहीत होतं. तो विझला नव्हता. मी सांगावं की नाही या विचारात अर्धा रस्ता घालवला. मागं माणसं बसली होती, अण्णा आज जरा खुशीत होते. शेवटी हळू आवाजात सांगितलं, तर म्हणाले, राहू दे, धाराशिव येऊ दे.

धाराशिवला नेहमीच्या जागी सहाजणी उभ्या होत्या. मॅडमच्या पिशव्या मागं ठेवायला अण्णांनी गाडी बंद केली. परत किल्ली फिरवली तर टकटकसुद्धा नाही.

त्या दिवशी जाधव मॅडमनी पदर खोचून गाडी ढकलली. बाकीच्या पाचजणींनीही. मी दप्तर पाठीला लावून त्यांच्या शेजारी ढकलत होते आणि कोणाकडंही बघत नव्हते. चढ संपल्यावर गाडी धक्क्यानं सुरू झाली. आत बसल्यावर जाधव मॅडम पदर सारखा करत एवढंच म्हणाल्या, की संध्याकाळी पाचला वेळेवर या, मग बोलू. त्यांच्या आवाजात राग नव्हता. म्हणून मला वाटलं अजून आशा आहे.

अण्णांनी मला कॉलेजला उतरू दिलं नाही. म्हणाले, तू चल, त्याचं बोलणं तुला तरी कळतं. मॅडमना शाळेवर सोडून, इंजिन एकदाही बंद न करता, आम्ही तेरहून थेट येडशीला आलो.

मामांनी मीटर लावला. चालू इंजिनला साडेअकरा. त्यांनी तिसरा प्रश्न विचारला, कोणी हात लावला? अण्णांनी खरं सांगितलं. मामांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, चालत्या अल्टरनेटरची बॅटरी काढली की त्याची सगळी वीज अंगावर येते, डायोड जळतात, दरवाजे मोडतात. मग रात्रभर बॅटरीतली वीज त्याच मोडक्या दरवाज्यांतून उलटी गळत राहते. "शनवारपर्यंत ह्यो निर्दोष होता," ते म्हणाले. "आता खरंच गेला."

त्यांनी फळीवरून आमच्या गाडीचा तसलाच एक काढला. चिठ्ठी सोडून खिशात ठेवली. आणि पाना अण्णांच्या हातात दिला.

मला तिथं पहिल्यांदा ओरडावंसं वाटलं. ज्या कामाला बबलूला अर्धा तास लागायचा ते मामा अण्णांकडून करून घेणार होते. आधी इंजिन बंद. मग बॅटरीची ऋण वायर, ती सगळ्यांत आधी काढायची आणि सगळ्यांत शेवटी लावायची. ते का, हे अण्णांनी सांगायचं. मग पट्टा ताणणारा नट ढिला करून पट्टा उतरवायचा. मागची जाड वायर, लहान प्लग. दोन लांब बोल्ट. नवा जुन्याच्या शेजारी ठेवून पुली जुळते का बघायची. अण्णांची बोटं सोलली, एक बोल्ट तर हलेचना. मामा जवळ उभे राहून फक्त पाहत होते, एकदाच म्हणाले, उलटा नाही, सुलटा. नवा बसला, पट्टा चढला, अंगठ्यानं दाबून ताण बघून झाला. गाडी सुरू केली. चौदाच्या थोडं वर. लाल दिवा विझला.

साडेतीन वाजले होते. मी म्हटलं, अण्णा, चला. पाचला तेर सहज गाठता आलं असतं.

मामा म्हणाले, "ह्यो जळालेला बदलून झाला. सोमवारचं दुखणं अजून तसंच हाय."

मी पुन्हा चला म्हटलं. आणि अण्णा हलले नाहीत. मला वाटलं होतं मामा आम्हाला अडवतील. पण अडवलं अण्णांनीच. हाताला काळं ग्रीस, कपाळाला घाम, आणि चेहऱ्यावर एक हट्ट, जो मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. म्हणाले, "दोनदा बदलला. आज बघूनच जातो."

गाडी बंद केली, किल्ली काढली, दारं लावली. मामांनी बॅटरीची वायर सोडवली आणि मीटरची कळ व्होल्टवरून करंटवर फिरवून तो मध्ये जोडला. गाडी झोपली की आकडा जवळजवळ शून्यावर यायला हवा, ते म्हणाले. तो आला नाही. कोणीतरी वीज पीत होतं. अण्णांनी एकेक फ्यूज काढायला सुरुवात केली. आकडा हलेना. सगळे फ्यूज काढून झाले तरी आकडा तिथंच. चार वाजून गेले. जाधव मॅडमचा फोन आला. अण्णांचे हात काळे, म्हणून मी घेतला. येताय ना, त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. अण्णांनी सांगितलं म्हणून नाही, माझं मीच म्हटलं.

मामा सीटवर बसून राहिले. काही सुचवेनात. साडेचार. अण्णा गाडीत डोकं घालून एकेक वायर बोटानं धरून मागं मागं जात होते. आणि मग ते थांबले.

डॅशबोर्डवर देवीचा फोटो होता. त्याच्या दोन्ही बाजूंना लाल काचेचे दोन दिवे. घटस्थापनेच्या दिवशी अण्णांनी ते बसवून घेतले होते. देवीपुढचा दिवा विझता कामा नये, म्हणून किल्लीवर न जोडता थेट बॅटरीवर जोडायला सांगितले होते. काचेच्या आत गाडीचेच जुने, तापणारे बल्ब. ते रात्रंदिवस जळत होते. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत रविवारीही भाडी होती; गाडी रोज पळायची तोवर भरून निघायचं. शनिवार दुपारपासून सोमवार सकाळपर्यंत उभी राहिली, की बॅटरी रिकामी.

काय काम केलं होतं, असं मामांनी विचारलं तेव्हा आम्ही दोघांनी काहीच नाही म्हणून सांगितलं होतं. दिवा हे आमच्या लेखी गाडीतलं काम नव्हतंच. तो देवीचा होता.

अण्णांनी दिव्याची वायर सोडवली. मीटरचा आकडा खाली आला. मग अण्णांनी ती वायर पुन्हा जोडली आणि खाली उतरून सीटवर मामांच्या शेजारी बसले. मी म्हटलं, मामा, ती किल्लीवर जोडून द्या ना, दोन मिनिटांचं काम आहे.

"मी न्हाय लावणार हात," मामा म्हणाले. "दिवा त्यांचा हाय. त्येंनी ठरवावं."

पाच वाजले. मी घड्याळाकडं बघत होते आणि ती दोन माणसं रस्त्याकडं. सव्वापाचला अण्णा उठले, चप्पल काढून गाडीत गेले, फोटोला हात जोडले आणि ती वायर स्वतःच्या हातानं किल्लीवर जोडली. मामा फक्त टेप फाडून देत होते.

तेरच्या स्टँडवर आम्ही सहानंतर पोचलो. तिथं कोणी नव्हतं. मॅडमना दुसऱ्या एका गाडीवाल्यानं नेलं होतं, आणि एक तारखेपासून तीच गाडी ठरली. जाधव मॅडमनी स्वतः फोन करून सांगितलं. मी 'येतो' म्हटल्यामुळं त्या तासभर रस्त्यावर उभ्या होत्या, हेही सांगितलं.

त्यानंतर आमची गाडी एकाही सोमवारी बंद पडली नाही. अण्णा आता पहाटे भाजी घेऊन बाजारला जातात, मिळाली तर माणसं नेतात. मी एसटीच्या पासावर जाते. मामांचा विषय निघाला की मी चिडते आणि अण्णा चिडत नाहीत. एकदाच म्हणाले, "बाकीच्यांनी डायनामा बदलला. त्यानं मला इचारलं." मला ते तेव्हा पटलं नाही. पूर्ण आजही पटत नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी मला येडशी फाट्यावर एसटी बदलायची होती. मामा सीटवर बसले होते. मला बघून त्यांनी सरकून जागा केली आणि पहिलं काय विचारलं, तर गाडी सोमवारी सुरू होते का. होते म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. तो उजळलेला चेहरा मला सहन झाला नाही. मी सगळं सांगितलं. मॅडम, दुसरी गाडी, आईनं बंद केलेली भिशी, सगळं. ते ऐकत राहिले. मग चष्मा काढून म्हणाले,

"दिवा मला शनवारीच दिसला होता."

मी नुसतं विचारलं, मग सांगितलं का नाही?

"सांगितलं असतं तर तुझ्या अण्णानं ऐकलं असतं? म्हणला असता, देवीच्या दिव्यानं कुठं गाडी बंद पडती व्हय. पलीकडं जाऊन तिसरा डायनामा बसवला असता."

ते स्वतःच डायनामा म्हणाले, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

"सांगून तर बघायचं होतं, मामा," मी म्हटलं. "ऐकायचं का नाही ते आम्ही ठरवलं असतं."

मोठ्या माणसाला मी असं कधी बोलले नव्हते. मामा मीटरच्या नाडीला उगीच गाठ मारत राहिले.

तेवढ्यात एक मालवाहू टेंपो किंचाळत येऊन दुकानापुढं थांबला. ड्रायव्हर उतरला, घाईत होता, म्हणाला लाल दिवा लागलाय, डायनामा गेलाय, बदलून द्या. मामा उठले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. बसा म्हणाले नाहीत. काही विचारलं नाही. उभ्या उभ्या त्याला म्हणाले, "पट्टा ढिला हाय. आवाजावरनं कळतं. एक नट आवळला की झालं, अल्टरनेटर बदलू नगा."

ड्रायव्हर त्यांच्याकडं पाहत राहिला. बॉनेट न उघडता कसं काय कळलं, त्यानं विचारलं. मामा म्हणाले, ऐकू आलं. ड्रायव्हर हसला. बरं बरं म्हणाला, टेंपोत बसला आणि गाडी वळवून पलीकडं बबलूच्या दारात लावली.

माझी एसटी आली. मी चढले, खिडकीशी जागा मिळाली. गाडी सुटता सुटता पाहिलं, मामा टोपी सारखी करत रस्ता ओलांडत होते, दोन्हीकडच्या गाड्यांना हात दाखवत. पलीकडं बबलू टेंपोच्या बॉनेटमध्ये वाकला होता. मामा ड्रायव्हरच्या मागं जाऊन उभे राहिले आणि काहीतरी सांगू लागले. ड्रायव्हर मोबाईलवर बोलत होता, त्यानं मागं वळून बघितलं नाही. मामा सांगतच होते. त्यांचे ओठ हलताना मला दिसत होते, मग एक ट्रक मध्ये आला.